व्याह्यांना पाणी विचारले

माझं एकच पुस्तक लोकांनी पाठ केलं. ते अठ्ठावीस पानांचं आहे, मुखपृष्ठावर टाय लावलेला एक हसरा वेटर आहे, आणि माझं नाव त्यावर कुठेही नाही. नाव नाही हे त्यातल्या त्यात बरं झालं. धुळ्याच्या अलीकडे महामार्गावर उभ्या राहिलेल्या एका हॉटेलात नव्या कर्मचाऱ्यांनी कसं वागावं हे त्यात सांगितलं आहे. ज्यांवर माझं नाव आहे ती पुस्तकं देवपुरातल्या माझ्या घरी माळ्यावर आहेत आणि तिथे त्यांना कोणी त्रास देत नाही.

हॉटेलचा मालक माझा जुना विद्यार्थी. केळीच्या व्यापारात त्याने बरंच कमावलं आणि मग, पैसा आलेल्या माणसाला होतो तसा, त्याला लोकांना काहीतरी शिकवावं असा मोह झाला. एका सकाळी तो घरी आला. बसायच्या आधीच म्हणाला, "सर, आता नुसती माणसं कामावर घेऊन चालत नाही. ओरिएंटेशन लागतं."

"म्हणजे काय करतात?"

"ते पुण्याचे ट्रेनर करतील. तुम्ही फक्त त्यांचं पुस्तक चांगल्या मराठीत आणा. पण एंगेजिंग पाहिजे, सर. लोक झोपले नाही पाहिजेत."

माझ्या तासाला हा गृहस्थ मागच्या बाकावर वर्षानुवर्षं झोपत आला होता. पण निवृत्त माणसाला कोणी काम सांगितलं की त्याची विनोदबुद्धी थोडी आखडते. मी हो म्हणालो.

प्रशिक्षण दहा दिवसांचं होतं. हॉलच्या दारावर फुगे होते. आत शिरल्याशिरल्या समोरच्या भिंतीवर पाहुण्याला देव मानणारं ते संस्कृत वाक्य सोनेरी अक्षरांत होतं. ते मी इथे लिहीत नाही. ज्या हॉटेलात ते लावलेलं असतं तिथे संडासाची कडी लागत नाही, असा माझा जन्मभराचा अनुभव आहे. बावीस नवी माणसं खुर्च्यांवर बसली होती. ट्रेनर पस्तिशीचा असेल. भर मे महिन्यात त्याने कोट घातला होता, आणि शेवटच्या रांगेपर्यंत साध्या आवाजात बोललं तरी ऐकू आलं असतं अशा खोलीत त्याने कानाला माईक अडकवला होता. तो बोलायला लागला की पंखा बंद करावा लागे, कारण माईकमध्ये वारा वाजे. अशा रीतीने सगळे घामाघूम होऊन प्रेरित होत.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपण कोणत्या प्राण्यासारखे आहोत ते सांगायचं होतं. पहिला माणूस वाघ म्हणाला. त्याला टाळ्या पडल्या. त्याबरोबर हॉलमध्ये एकामागून एक आणखी दहा वाघ निघाले. तंदूरवाला बैल म्हणाला आणि खाली बसला. मग एक बाई उठली. चाळिशीची असेल, चोपड्याकडच्या एका खेड्यातली. म्हणाली, "म्हैस."

ट्रेनर हसला. "मॅडम, काहीतरी पॉझिटिव्ह सांगा ना."

"म्हैसमा काय वाईट शे?" ती म्हणाली. "दूध देस."

माझ्या मते त्या दहा दिवसांत त्या हॉलमध्ये बोललं गेलेलं हे एकमेव तर्कशुद्ध वाक्य होतं. ट्रेनर एकेक प्राणी फळ्यावर लिहीत होता; म्हैस न लिहिताच तो पुढच्या माणसाकडे वळला. तो बारावा वाघ.

ही बाई हॉटेलच्या 'खान्देशी कोपऱ्या'साठी घेतली होती. तिथे नऊवारी नेसून तिने चुलीवर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापायच्या आणि टेबलापर्यंत नेऊन द्यायच्या. ती जन्मात कधी नऊवारी नेसली नव्हती. ती आणि मी दोघेही देवपुरात राहणारे, म्हणून संध्याकाळी हॉटेलच्या एकाच गाडीने परत यायचो. तिथे हळूहळू तिची हकिगत कळली. नवरा सुरतला कापडाच्या मार्केटात, वर्षातून दोनदा येणारा. मुलीला देवपुरात नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणून ती मुलीला घेऊन गाव सोडून आली, एक खोली घेऊन राहिली. घरात शब्द चालतो तो मोठ्या दिराचा. त्याने तिला सांगून ठेवलं होतं की उन्हाळा संपेपर्यंत पक्की नोकरी दाखव, नाहीतर दोघी परत या. परत जाणं म्हणजे काय ते ती एकदाच बोलली.

"जेठनी पोरगा पाही ठेयेल शे पोरले."

म्हणजे मुलीसाठी स्थळ तयार होतं. मुलीचं पहिलं वर्षही अजून पुरं व्हायचं होतं.

मालकाने जाहीर केलं होतं की शेवटच्या दिवशी परीक्षा होईल, दहापैकी दहा मिळतील त्याला कायम केल्याचं पत्र, बाकीच्यांचं नंतर बघू. 'नंतर बघू' याचा अर्थ बावीसही जणांना कळला होता.

आणि परीक्षेत ती नापास होणार हे तिसऱ्या दिवशीच दिसायला लागलं. कारण पान अकरा.

पान अकरावर एक नियम आहे. ट्रेनरने तो मला इंग्रजीत दिला होता, मी तो मराठीत आणला: 'पाहुण्यास विचारल्यावाचून काहीही देऊ नये. पाहुणा नको म्हणाल्यास पुन्हा आग्रह करू नये.' नियमाला कारण होतं, हे मान्य केलं पाहिजे. पाण्याची सीलबंद बाटली न विचारता फोडली की बिलाच्या वेळी भांडण होतं. पण पुण्याहून आलेल्या माणसाला जे ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला पाणी विचारत नाहीत. पाणी देतात. विचारणं म्हणजे तुला तहान लागली असली तर बघतो, असं म्हणण्यासारखं आहे. आणि विचारलंच, तर जगातला कोणताही सभ्य खान्देशी माणूस पहिल्यांदा नकोच म्हणतो. दुसऱ्यांदाही म्हणतो. तिसऱ्यांदा तो गप्प बसतो आणि ते हो असतं. हे सगळं कळत असून मी त्या नियमात 'विचारल्याशिवाय' लिहावं की 'विचारल्यावाचून' यावर अर्धा दिवस घालवला. 'वाचून' जरा भारदस्त वाटलं.

सराव असा: ट्रेनर खुर्चीत पाहुणा होऊन बसायचा, एकेकाने येऊन विचारायचं. वाघ फटाफट पास झाले. ही बाई आली, ट्रेसह वाकली आणि पेला त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मॅडम, आधी विचारायचं."

दुसऱ्यांदा तिने पेला ठेवला आणि मग विचारलं.

"मॅडम, उलट झालं."

तिसऱ्यांदा तिने आधी विचारलं, पण उत्तर यायच्या आत हात पुढे गेला होता. ट्रेनर म्हणाला, "नको." ती तशीच उभी राहिली, पेला हवेत धरून. मग म्हणाली, "घ्या ना, दादा. इतलं ऊन शे."

हॉल हसला. ट्रेनरने कागदावर फुली मारली. कागदावर फुली मारताना तो पेनाचं टोपण दातांत धरे. इतक्या वर्षांत परीक्षकांच्या पुष्कळ सवयी पाहिल्या, पण याच्यासारखं समाधान फार थोड्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

त्या संध्याकाळी गाडीत ती माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. "सर, माले शिकाडा."

"काय?"

"इचारानं."

मग आठवडाभर, रोज संध्याकाळी, हॉटेल ते देवपूर एवढ्या अंतरात, मी एका बाईला पाहुण्याला पाणी कसं देऊ नये ते शिकवलं. पस्तीस वर्षं शिकवण्याचा धंदा केला, पण इतकी चांगली विद्यार्थिनी मिळाली नव्हती. मी म्हणायचो, "मी नको म्हटलं की तू 'ठीक आहे, सर' म्हणायचं आणि मागे व्हायचं." ती म्हणायची, "ठीक आहे, सर." पहिल्या दिवशी हे म्हणताना तिला हसू आलं. दुसऱ्या दिवशी राग आला. "पाव्हनास्ले पानी कोनी इचारस का, सर? तुमना घरमा इचारतस?" मी म्हणालो, घरात नाही विचारत. "मंग लिखं कसाले?" ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ताई, हे फक्त शब्द आहेत. पत्र मिळेपर्यंत म्हणायचे." पाचव्या दिवशी तिने बिनचूक म्हटलं, हसू नाही की राग नाही. मी तिला शाबासकी दिली. आता आठवलं की मला ट्रेनरपेक्षा माझीच जास्त चीड येते, पण तेव्हा मी फार खूश होतो.

शेवटच्या दिवसाची परीक्षा मालकाने आपल्या डोक्याने ठरवली, हेच त्या दिवसाचं दुर्दैव. त्याच्या मुलीचं लग्न फैजपूरच्या एका केळीबागायतदाराच्या घरी ठरलं होतं. होणारे व्याही आणि त्यांचे थोरले भाऊ त्या दुपारी हॉटेल बघायला येणार होते. मालकाला वाटलं, सोन्यासारखी संधी आहे. खरे पाहुणे, खरी परीक्षा, आणि वर व्याह्यांवर छाप. ट्रेनरने त्यात भर घातली. "सर, तुम्ही खाली थांबू नका. मालक समोर असला की पाहुण्याला खरा अनुभव मिळत नाही. आपण वर केबिनमध्ये कॅमेऱ्यावर बघू." मालकाला हे फारच पटलं. वर पडद्यावर चित्र दिसणार होतं, आवाज येणार नव्हता. बाकीच्यांची परीक्षा ट्रेनरने सकाळीच उरकली होती; खऱ्या पाहुण्यांसाठी कॅप्टन आणि ही बाई राखून ठेवली होती, आणि खाली जेवणाच्या हॉलमध्ये गुणपत्रिका घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी मी.

दोघे आले. व्याही पन्नाशीचे, पांढऱ्या शर्टात. थोरले भाऊ, सगळे त्यांना आबा म्हणत, टोपी घातलेले, सत्तरीच्या आसपास. उन्हातून आले होते. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उपरण्याने मान पुसली. फैजपूर ते धुळे भर दुपारी गाडीने यायचं म्हणजे काय ते त्यांच्या मानेकडे बघून कळत होतं.

कॅप्टन, म्हणजे वेटरांवरचा वेटर, पुढे झाला. बारा वाघांतला पहिला तोच. हात जोडून, मान किंचित कलती करून, पान चारवर सांगितलंय अगदी तसं.

"नमस्कार. आपलं स्वागत आहे. पाणी घेणार का, सर?"

व्याही क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नको, नको. राहू द्या."

"ठीक आहे, सर." तीन पावलं मागे.

आबांनी भावाकडे पाहिलं. भावाने छताकडे पाहिलं.

थोड्या वेळाने कॅप्टन मेन्यू घेऊन आला. "जेवणाची ऑर्डर, सर?"

"जेवूनच निंघालो भो आम्ही," व्याही म्हणाले. त्यांच्याकडे या वाक्याचा अर्थ एवढाच असतो की यजमानाने आता सुरुवात करायला हरकत नाही.

"ठीक आहे, सर. काही लागलं तर आम्ही आहोत."

"चहा?" तो तिसऱ्यांदा आला.

"कशाला त्रास."

"ठीक आहे, सर."

माझ्या गुणपत्रिकेत कॅप्टनच्या नावापुढे एकूण दहा रकाने होते, आणि खरं सांगायचं तर एकाही रकान्यात फुली मारण्यासारखं त्याने काही केलं नव्हतं. मी दहाच्या दहा रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या. वर केबिनमध्ये पडद्यावर काय दिसत असेल याची मला कल्पना होती. नम्रपणे वाकणारा माणूस, हात हलवणारे पाहुणे, पुन्हा वाकणारा माणूस. मालक आनंदात असणार.

मग तिची पाळी. ती चुलीपासून टोपली घेऊन आली. टोपलीत गरम भाकरी होत्या, वर ठेचा, भरताची वाटी. वास माझ्या टेबलापर्यंत आला. ती आबांसमोर उभी राहिली आणि आबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कुठली वं तू, बाई?"

पान सतरा: पाहुण्याने वैयक्तिक प्रश्न विचारल्यास स्मितहास्य करावे. तिने स्मितहास्य केलं.

"आपण भाकरी घेणार का, सर?"

आबा गप्प राहिले. तिचा हात टोपलीच्या काठावर होता. मी त्या हाताकडे बघत होतो. तो हात हलला नाही.

"नको," आबा म्हणाले.

"ठीक आहे, सर." ती मागे झाली, तीन पावलं. मी शिकवलं होतं त्याहून चांगलं.

ती माझ्या टेबलाजवळून जाताना मी हळूच म्हणालो, "ताई, अगं पाणी तरी दे त्यांना."

ती थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आते नही, सर. तुम्हीनच लिखेल शे."

तेव्हा मी उठलो. काउंटरवरून जग घेतला, दोन पेले घेतले, आणि पाहुण्यांच्या टेबलाशी गेलो. न विचारता पेले भरले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच वेटर झालो होतो, थोडं पाणी सांडलं.

आबांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी इथे... पुस्तक लिहिलं यांचं."

"मालक कुठे हाये?"

"वर आहेत."

"काय करून राहिले?"

"बघताहेत."

आबांनी टोपी डोक्यावर घातली. "आता नको पाणी," ते म्हणाले. हे नको वेगळं होतं. त्या दिवशीच्या सगळ्या 'नको'मध्ये तेवढं एकच खरं होतं, आणि ते माझ्या वाट्याला आलं.

दोघे उठले. पडद्यावर पाहुणे उठलेले बघून मालकाला वाटलं, शाबासकी द्यायला उठले. तो जिना उतरून पुष्पगुच्छ घेऊन धावत आला, मागे ट्रेनर. "कसं वाटलं, आबा?"

व्याह्यांनी पुष्पगुच्छ घेतला. "हॉटेल चांगलं हाये. स्वच्छ हाये," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. महामार्गावर पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर त्यांनी गाडी थांबवून शेवभाजी खाल्ली, हे त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळलं. मालकाला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं, तेही मुलीच्या मामाकडून, आणि चढवून.

लग्न मोडलं नाही. पण मालकाला चार मोठी माणसं घेऊन फैजपूरला जावं लागलं. तिथे पोचल्यापोचल्या पाण्याचे तांबे समोर आले, विचारलं कोणी नाही. मग ताटं आली. आणि मग तिथल्या बायकामाणसांनी मिळून त्याला इतकं वाढलं, इतकं वाढलं, की परतीच्या वाटेवर त्याला दोनदा गाडी थांबवायला लागली. त्याला नुसतं जेवू घातलं नव्हतं, हे त्यालाही समजलं असावं.

परत आल्यावर त्याला कोणाला तरी काढायचं होतं. त्याने मला आणि ट्रेनरला केबिनमध्ये बोलावलं. कॅप्टन त्याच्या बायकोच्या नात्यातला, म्हणून बोट दुसरीकडे वळलं.

"ती बाई!" तो म्हणाला. "दहा दिवस न विचारता देत होती ना ती? मग त्या दिवशी काय झालं तिला? टोपली हातात होती तिच्या! तिने तरी द्यायचं!"

म्हणजे दहा दिवस ज्या चुकीसाठी तिला काढणार होता, ती चूक नेमकी त्या दिवशी न केल्याबद्दल आता तिला काढणार होता. मी म्हणालो, "तिला दहापैकी दहा आहेत. तू सांगितलं होतंस, दहा मिळाले की पत्र."

"सर, तुम्ही मध्ये पडू नका."

आणि इथे मला अपेक्षा नव्हती त्या ठिकाणाहून मदत आली. ट्रेनर ताठ झाला. त्याला मालकाच्या व्याह्यांचं सुखदुःख नव्हतं, बाईचंही नव्हतं. पण बावीसपैकी बावीस जण शंभर टक्के उत्तीर्ण झाले, असा अहवाल तो पुण्याला धाडून बसला होता, आणि फोटोसह सगळीकडे टाकला होता. "सर, प्रोसेस हंड्रेड पर्सेंट फॉलो झाली आहे," तो म्हणाला. "एकालाही फेल दाखवलं तर माझ्या प्रोग्रामला प्रश्नचिन्ह येतं. सर्टिफिकेटवर तुमचीपण सही आहे." मालकाने सर्टिफिकेट पाहिलं. त्यावर त्याची सही होती, सोनेरी शिक्का होता, आणि ते फ्रेम करून रिसेप्शनला लावायला त्याने सांगितलंही होतं. आयुष्यभर मी शिक्क्यांना हसलो. त्या दिवशी त्या भिकार शिक्क्याने एका मुलीचं कॉलेज वाचवलं, हे मला नाइलाजाने इथे नोंदवावं लागतं आहे.

मालकाने पत्रांवर सह्या केल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, पान अकरा बदला. आता असं लिहा की आग्रह करायचा. कमीत कमी तीनदा." ट्रेनरने लगेच वहीत टिपलं. पुढच्या तुकडीसाठी 'आग्रहाच्या तीन पायऱ्या' अशी स्लाइड करतो म्हणाला, आणि पायऱ्यांवर हसरे चेहरे.

संध्याकाळी गाडीत तिने पत्र माझ्यापुढे धरलं. पत्र इंग्रजीत होतं. "यामा 'कायम' कोठे लिखेल शे?" मी शब्द दाखवला. तिने त्यावर बोट ठेवलं आणि बोटासकट फोटो काढून दिराच्या मुलाला पाठवला. मग पत्राची घडी केली, पुन्हा उघडली, शब्द तिथेच आहे का पाहिलं.

मी तिला पान अकराची नवी आज्ञा सांगितली. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "परत परीक्षा लेतीन का मन्ही?"

"नाही. कायम झालेल्यांची नाही घेत."

"मंग लिखा तुमले जे लिखनं व्हई ते," ती म्हणाली, आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगून उतरली.